मग आमची तूर कोण वाचवणार?

रासेयोच्या शिबिराला आपण निम्मे जण सर्टिफिकेटसाठी अन् रात्रीच्या धमालीसाठी जातो, हे कबूल करायला काय हरकत आहे? मीही तसाच गेलो होतो, जिंतूर तालुक्यातल्या एका गावात. माझ्या वाट्याला शाळेतल्या पोरांसमोर 'वन्यजीव वाचवा' हे भाषण आलं. वाघाचा चार्ट लावून पंधरा मिनिटं ठोकून दिलं. मग सातवीतला एक पोरगा उठला अन् म्हणाला, "सर, रोही अन् डुकरं आमची तूर खातात. बाबा रोज रात्री जागलीला जातात. मग आमची तूर कोण वाचवणार?"

माझी बोलतीच बंद! वर दुपारच्या सुट्टीत त्याच पोरानं ओढ्याच्या चिखलात रोह्याचा खूर कोणता अन् डुकराचा कोणता, ते मला दाखवलं. माझ्या चार्टवर ते नव्हतं.

ताडोबा-मेळघाटाच्या आसपासच्या शाळांत मुलांसाठी निसर्ग शिबिरं होतात, चांगलंच आहे. आपल्या परभणीत अभयारण्य नाही, म्हणून इथं त्याची गरज कुणाला वाटत नाही. पण जनावर काय पाटी वाचून हद्द पाळतं? २०१९ मध्ये टिपेश्वरचा रेडिओ कॉलर लावलेला एक वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत आपला शेजारचा हिंगोली जिल्हाही होता. या प्रवासात एक माणूस जखमी झाला, तोही कधी? वाघ झुडपात विसावलेला असताना घोळका आत शिरायला गेला तेव्हा. अशा वेळी लांब राहायचं, हे त्या घोळक्याला शाळेत कुणी शिकवलं असेल का?

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानं पर्यावरण विषय सक्तीचा झाला. आपण तो आदल्या रात्री झेरॉक्सवर काढतो, ते सोडा. पण गावातल्या मुलाला घोषणेआधी त्याच्या शेताचं काहीतरी द्या ना! पिकाचं नुकसान झालं की तीन दिवसांत वनखात्याकडे अर्ज करायचा, मग पंचनामा होतो, हे सांगा. भरपाई हातात पडेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो, मान्य. पण अर्जच गेला नाही तर तीही नाही, आणि बऱ्याच घरांत अर्ज वाचू शकणारा तो सातवीतला पोरगाच असतो.

दुसरं, इलेक्ट्रिकलवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी. कुंपणाच्या तारेत थेट लाइन सोडली की डुक्कर मरतं, हरीण मरतं, अन् पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूसही मरतो. झटका मशीनचं व्होल्टेज हजारांत असतं, पण झटका सेकंदाला साधारण एकदाच बसतो, तोही सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यापुरता. जनावर दचकून पळतं, जीव जात नाही. हा फरक सातवीच्या पोराला नक्की कळतो. तो घरी जाऊन बापाला सांगेल, तेव्हा आपल्या चार्टपेक्षा जास्त जनावरं वाचतील. माणसंही.

यंदा वाघाची चित्रकला स्पर्धा राहू द्या. एक झटका मशीन अन् कोरे अर्ज घेऊन जाऊ. सरांना विचारलंय, ते म्हणाले, आधी नावं आणा. मेसच्या दारावर कागद लावलाय.