सिनेमाची कॅसेट गेली, लग्नाची तरी वाचवा

घरातली माळ्यावरची पेटी एकदा खाली काढून बघा. कोऱ्हाळे बुद्रुक असो, वडगाव निंबाळकर असो की पणदरे, नीरा-बारामती रस्त्याच्या या गावांत अजून एखाद्या घरी दोन-चार काळ्या व्हिडिओ कॅसेटी आणि सीड्यांची चळत निघेल. त्यात सिनेमा असेल तर गेला तरी फार बिघडत नाही. पण थोरल्याच्या लग्नाची कॅसेट असेल, तर पुढचे नीट वाचा.

अमेरिकेत नेटफ्लिक्स कंपनीने १९९८ साली टपालाने सिनेमाच्या डीव्हीडी भाड्याने द्यायला सुरुवात केली. लाल पाकिटातून तबकडी घरी यायची, पाहून झाली की त्याच टपालाने परत. महिन्याची वर्गणी ठरलेली, उशीर झाला तरी दंड नाही. पाच अब्जांहून जास्त तबकड्या या कंपनीने पाठवल्या. तरीही २९ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची पाकिटे रवाना झाली आणि हा धंदा बंद पडला. ज्यांच्या हाती शेवटच्या तबकड्या होत्या, त्यांना त्या ठेवून घ्या म्हणून सांगण्यात आले. आपल्याकडे बेंगळुरूच्या सेव्हंटीएमएमने आणि २००८ पासून रिलायन्सच्या बिगफ्लिक्सने मोठ्या शहरांत हाच प्रयोग केला. तोही टिकला नाही.

हे झाले शहराचे. खेड्यात टपालाने सिनेमा कधी आलाच नाही. आपली टपाल व्यवस्था म्हणजे बारामतीला बाजाराला गेलेल्या माणसाची पिशवी! गणपतीत किंवा जत्रेला वर्गणी काढायची, टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणायचा, सोबत तीन कॅसेटी. देवळापुढे पोती अंथरून पहाटेपर्यंत बघायचं. वीज गेली की सगळे बसल्या जागी झोपायचे, आली की पुढे चालू. तंबूतल्या टॉकीजला पहिला धक्का दिला तो या व्हिडिओने, हेही विसरू नका.

मग सीडी आली. एका सिनेमाला दोन-तीन सीड्या लागत आणि मधली नेमकी अडकायची. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. एवढ्या स्वस्तात विकत मिळू लागल्यावर भाड्याने कोण आणणार? चोरीच्या सीड्यांनी होते ते नुकसान चालूच होते. पुढे त्या कंपनीचेही दिवाळे निघून सप्टेंबर २०१८ मध्ये ती अवसायनात निघाली. मधल्या काळात, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आले. डेटा स्वस्त झाला आणि उसाला पाणी देता देता बांधावर बसून सिनेमा दिसू लागला. सोय झाली, हे कबूलच केले पाहिजे.

पण व्यवहार बदलला तो शेतकऱ्याला चटकन समजेल. विकत घेतलेली सीडी म्हणजे आपल्या नावचा सातबारा. शेजाऱ्याला द्या, दहा वर्षांनी पुन्हा लावा, कोण विचारणार? मोबाईलवरचा सिनेमा ही खंडाची जमीन. वर्गणी थांबली की दार बंद, आणि कंपनीने सिनेमा काढून टाकला तर वर्गणी भरूनही दिसत नाही. खंडकऱ्याला पोटखंड लावता येत नाही तसेच इथेही आहे. घरगुती वर्गणीवरचा सिनेमा मंडळाने चौकात पडद्यावर लावायचा तर हक्कदाराची परवानगी लागते. मंडळांनी आणि ग्रामपंचायतीने हे ध्यानात ठेवावे.

सिनेमाच्या जुन्या प्रती सांभाळायला पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तुमच्या वरातीची, शाळेच्या स्नेहसंमेलनाची, गेलेल्या आजोबांच्या आवाजाची प्रत मात्र जगात एकच, आणि ती तुमच्या माळ्यावर. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी फुनाई. तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणजे आता जी यंत्रे चालू आहेत तेवढीच, आणि दुरुस्त करणारा कारागीरही शोधावा लागतो. आपल्या पावसाळी हवेत फितीवर पांढरी बुरशी चढते. अशी कॅसेट घरच्या यंत्रात घालून बघण्याचा मोह टाळा, फीतही तुटते आणि यंत्राचे हेडही खराब होते.

तालुक्याच्या गावी एखादा जुना फोटो स्टुडिओ अजून कॅसेटवरून पेन ड्राइव्हवर उतरवून देतो का, याची चौकशी करा. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, घाई होत नाही. म्हणून दर आधी ठरवा आणि दहा-बारा घरांनी मिळून काम द्या, परवडेल. मूळ कॅसेट परत मागून घ्या. प्रती दोन करा, एक घरी आणि एक मुलीच्या सासरी किंवा पुण्यातल्या भावाकडे. घरी रेकॉर्ड केलेल्या सीडीवरही विसंबू नका, तिच्यावरचा रंगाचा थर वर्षांनुवर्षांत उडतो.

ग्रामपंचायतीच्या दप्तरातही बघायला हवे. जुन्या कामांच्या चित्रीकरणाच्या, याद्यांच्या सीड्या कपाटात पडून असतील, आणि नव्या लॅपटॉपला सीडीचा खणच नसतो. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो, त्यावर एका दिवसात काम होईल. सरपंचांनी आणि भाऊसाहेबांनी मासिक सभेत विषय घेऊन यादी करावी. कॅसेटवर कार्यक्रम आणि साल लिहिलेले नसेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारून आजच लिहून ठेवा. दिवाळीच्या साफसफाईला भंगारवाला दारात येईल, त्याच्या आधी एवढे उरका.