तीन विशेषणांच्या पलीकडे



आपल्या समाजाच्या मासिकांत शेवटची काही पाने श्रद्धांजलीसाठी राखलेली असतात. छायाचित्र, जन्मतिथी, देहावसानाची तिथी, शोकाकुल परिवाराची नावे आणि या सर्वांच्या मध्ये दोन-तीन विशेषणे असा त्यांचा ठरलेला साचा आहे. ‘क्रीडाप्रेमी’, ‘मोटारींचे शौकीन’ आणि ‘कुटुंबवत्सल’ ही त्यांतील नेहमीची. ती खोटी नसतात. पेढी सांभाळून सायंकाळी मैदानावर जाणारे, जुनी गाडी स्वतःच्या हाताने पुसणारे आणि रात्री सर्व भावंडांसह एकाच पंगतीला बसणारे गृहस्थ आपण प्रत्येकाने पाहिले आहेत. परंतु पंचवीस वर्षांनी एखाद्या नातवाने ते कात्रण हाती घेतले, तर आजोबा कोणता खेळ खेळत, कोणत्या गाडीवर त्यांचा जीव होता आणि कुटुंबासाठी त्यांनी नेमके काय सोसले, यांतले काहीच त्याला उमगत नाही. विशेषण उरते आणि माणूस हरवतो. म्हणून या वेळी या तीन शब्दांचाच थोडा विचार करू.

पहिला शब्द क्रीडाप्रेमी. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी समजूत व्यापारी घरांत दीर्घकाळ होती. तरीही आपल्या सोलापुरात कापडाचा व्यवसाय करणाऱ्या एका पारशी कुटुंबातील मुलगा पुढे भारताचा कर्णधार झाला. ते पॉली उम्रीगर. 1955 साली हैदराबादेत न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी 223 धावा केल्या. कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय. मुंबईचे विजय मर्चंट हे तर गिरणीमालकांच्याच घराण्यातले. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्यांची सरासरी 71.64 होती आणि दीर्घ कारकीर्द केलेल्या फलंदाजांत त्यांच्या पुढे केवळ ब्रॅडमन आहेत. परंतु मर्चंट यांचे स्मरण करताना ही सरासरी सांगून थांबणे अपुरे ठरेल. खेळ सोडल्यावर त्यांनी अंध व अपंग व्यक्तींच्या रोजगारासाठी वर्षानुवर्षे श्रम घेतले. मैदानावर कमावलेला नावलौकिक त्यांनी दुसऱ्याच्या भाकरीसाठी वापरला. ‘क्रीडाप्रेमी’ या शब्दाला अर्थ येतो तो असा.

दुसरा शब्द मोटारींचे शौकीन. येथे आपल्यासारख्या वाचकाच्या मनात थोडी चलबिचल होणे स्वाभाविक आहे. परिग्रह-परिमाण हे श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी एक. मग एका गृहस्थाने दहा-वीस गाड्या बाळगाव्यात, हे कौतुकाने छापावे काय? तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रहाचे लक्षण सांगताना वस्तूंच्या संख्येवर नव्हे, तर त्यांवरील आसक्तीवर बोट ठेवले आहे. याचा अर्थ संग्रहाला मोकळीक आहे असा नव्हे, कारण व्रत घेणाऱ्याने मर्यादा घालायचीच असते. अर्थ इतकाच, की वस्तूशी माणसाचे नाते कसे होते, हे पाहिल्यावाचून निवाडा करू नये. मुंबईचे उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांनी रोल्स-रॉइस, बेंटली, डेमलर अशा शंभराहून अधिक जुन्या गाड्या जमवल्या. संस्थाने विलीन झाल्यावर राजेरजवाड्यांच्या कितीतरी गाड्या भंगारात निघाल्या, त्या काळातील हा संग्रह. अहमदाबादजवळ कठवाडा येथील दास्तान इस्टेटीत तो सर्वांना पाहण्यासाठी खुला झाला. 2011 साली ते गेले. कुलूपबंद संग्रह आणि लोकांसाठी उघडलेला संग्रह यांत पुष्कळ अंतर आहे, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

मोटारीच्या वेडाचे एक निराळे रूप मात्र आपल्याच गावचे आहे. सोलापुरात 23 नोव्हेंबर 1882 रोजी जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी मोटारी जमवल्या म्हणून नव्हे, तर मोटारी घडवल्या म्हणून त्यांचे नाव राहिले. घर दिगंबर जैन, वडील हिराचंद नेमचंद हे ‘जैन बोधक’ या मराठी नियतकालिकाचे संस्थापक. अशा घरातला हा तरुण लक्ष्मणराव फाटक यांच्यासारख्या माजी रेल्वे कारकुनाशी भागीदारी करून रेल्वेची कंत्राटे घेऊ लागला. पुढे 1919 साली सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली, त्या उद्योगात ते अग्रभागी होते. तो 5 एप्रिलचा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. विमानांचा कारखाना बंगळूरला, जहाजांचा विशाखापट्टणमला आणि मोटारींचा मुंबईत कुर्ल्याला. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना 1944 ची. परक्या सरकारकडून साहाय्य मिळत नसतानाही अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून त्यांनी तो उद्योग उभा केला. पुढे इटलीची फियाट आली आणि तिचीच 1974 पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईच्या हजारो टॅक्सीचालकांचे संसार या गाडीने चालवले. टॅक्सीच्या वयोमर्यादेनुसार 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

तिसरा शब्द कुटुंबवत्सल. वालचंद शेठजींना वारसा चालवणारा पुत्र नव्हता. तरीही गुलाबचंद, रतनचंद व लालचंद या बंधूंना बरोबर घेऊन त्यांनी उद्योगांचा पसारा वाढवला आणि तो त्यांच्या हाती सोपवला. पेढ्यांच्या वाटण्या हा आपल्या घरांतला किती नाजूक विषय आहे, हे वाचकांना सांगायला नको. अखेरच्या वर्षांत आजारपणामुळे ते व्यवसायातून निवृत्त झाले. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. आजारपणात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. लालचंद शेठजींचे पुत्र विनोद दोशी यांनी पुढे मोटारींचा कारखाना सांभाळला आणि त्याच वेळी मराठी-हिंदी प्रायोगिक नाटकाला भक्कम आधार दिला. पुण्यात त्यांच्या नावाने नाट्यमहोत्सव होतो. कारखान्याचे वैभव ओसरले, परंतु तरुण रंगकर्मींना मिळणारे बळ टिकून राहिले. कोणता वारसा अधिक काळ चालेल, हे कमावणाऱ्याला आधी कळत नाही.

ही सर्व थोर माणसे झाली, आमच्या काकांचे वा आजोबांचे चरित्र कोण लिहिणार, असे कोणी म्हणेल. उत्तर सोपे आहे: आपणच. वालचंद शेठजींना चरित्रकार लाभले. आपल्या घरच्या माणसाला फक्त आपण आहोत. एखाद्या व्यापाऱ्याने तालुक्याच्या संघाला दर वर्षी चेंडू व बॅटी पुरवल्या असतील, ज्याची नोंद वहीत ‘किरकोळ खर्च’ म्हणून झाली असेल. कोणाची जुनी फियाट अपरात्री शेजारच्या बाळंतिणीला रुग्णालयात घेऊन गेली असेल. कोणी धाकट्या भावाचे कर्ज आपल्या नावावर घेऊन त्याचा उच्चारही केला नसेल. श्रद्धांजलीत लिहावयाचे ते हे. त्यातून त्या व्यक्तीचा परिग्रह नव्हे, तर त्याग दिसतो.

म्हणून एक विनंती. घरात ज्येष्ठ असतील तर पर्युषण वा दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांना त्यांच्याजवळ वही घेऊन बसवावे. पहिला सामना कोठे पाहिला, पहिली गाडी किती रुपयांना व कोणाकडून घेतली, ती विकताना काय वाटले, दुकानावर सर्वांत कठीण वर्ष कोणते गेले आणि त्या वर्षी कोण पाठीशी उभे राहिले, हे विचारावे. ज्येष्ठ संकोचतील, ‘त्यात काय सांगायचे’ म्हणतील. तरीही विचारावे आणि तारखांसह उतरवून ठेवावे. जे आता नाहीत, त्यांच्याविषयी त्यांचे मित्र, मुनीम, चालक आणि लेकीसुनांकडून जाणून घ्यावे. त्यांच्या आठवणीत अशा कितीतरी गोष्टी असतात, ज्या घरच्या कर्त्या पुरुषांना ठाऊकही नसतात.

वर्षश्राद्धाच्या निमित्ताने अशी एक पानभर आठवण कोणी पाठवली, तर या सदरात तिला आनंदाने जागा देऊ. विशेषणे कमी असावीत, प्रसंग खरा असावा, एवढीच अट.