दसऱ्याला नारायणगडावर, शुक्रवारी पुण्यात: बीडच्या पोरांचं रोजचं जगणं सिनेमात कुठे दिसतं?

२ ऑक्टोबर २०२५, दसरा. बीड तालुक्यातल्या नारायणगडावर मनोज जरांगे पाटील यांचा सलग दुसऱ्या वर्षी दसरा मेळावा होता. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यातली सोयाबीन आणि कापसाची रानं पाण्याखाली गेली होती. पुण्या-मुंबईत नोकरी किंवा अभ्यास करणारी बीडची पोरं अशा सणाला गावाकडे येतात. आधी वावरात किती नुकसान झालंय ते बघतात, मग गडावर जातात, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परत निघतात. शुक्रवारी सकाळी ऑफिसचं लॉगिन असतंच.

गडावर ज्यांचं भाषण ऐकायला ही पोरं येतात, त्यांच्या आयुष्यावर एक नाही, दोन सिनेमे आलेत. प्रश्न असा आहे की भाषण ऐकून परत पुण्याच्या कॉट बेसिसच्या खोलीवर जाणाऱ्या पोरावर सिनेमा आलाय का? आणि आला असेल, तर त्याने तो पाहिलाय का?

नारायणगड आणि सिनेमा, संबंध काय?

नारायणगड हे नगद नारायण महाराजांचं संस्थान. वारकरी या गडाला 'धाकटी पंढरी' म्हणतात. ज्यांना आषाढीला पंढरपूर गाठता येत नाही, ते इथे दर्शन घेतात. भगवानगड उभारणारे संत भगवानबाबाही आधी याच गडावर होते. त्यांच्या जन्मगावी, पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटला, २०१७ पासून पंकजा मुंडे यांचा दसरा मेळावा होतो. म्हणजे आता एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी दोन मोठे मेळावे होतात. दोन्हीकडची भाषणं दुपारीच रील बनून मोबाईलवर येतात, आणि कोणाची गर्दी मोठी यावर व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये भांडणं लागतात.

याच वातावरणातून सिनेमाही आला. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत आंदोलकांवर लाठीमार झाला आणि शिरूर कासार तालुक्यातल्या मातोरीत जन्मलेले जरांगे राज्यभर माहीत झाले. वर्ष व्हायच्या आत, जून २०२४ मध्ये, 'संघर्षयोद्धा मनोज जरांगे पाटील' थिएटरला लागला. त्यात रोहन पाटील यांनी जरांगेंची भूमिका केली. त्याच पावसाळ्यात 'आम्ही जरांगे' आला, त्यात मकरंद देशपांडे होते.

आंदोलन चालू, मागणी चालू, आणि तेवढ्यात नायकाचा बायोपिकसुद्धा तयार. एरवी माणसाचं काम संपल्यावर त्याच्यावर सिनेमा निघतो. इथे प्रेक्षकाला पुढचा भाग रोज बातम्यांत दिसत होता. अशा सिनेमात गर्दी हे महत्त्वाचं पात्र असतं, पण गर्दीतला एकेक माणूस घरी गेल्यावर काय करतो, हे सांगायला तिथे जागा नसते. मेळाव्याला आलेला पोरगा या सिनेमात आहे, पण लाँग शॉटमध्ये.

शहरात राहतो, पण शहराचा झालेला नाही

हा पोरगा नेमका कोण? बीड-पुणे अंतर रस्त्याने पाच-सहा तासांचं. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या अहिल्यानगर-बीड-परळी मार्गावरून बीडपर्यंत रेल्वे धावायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला, तीही अहिल्यानगरपर्यंतच. त्यामुळे पुण्याला जायचं म्हणजे आजही एसटी नाहीतर ट्रॅव्हल्स.

पुण्यात तो कंपनीत, डिलिव्हरीच्या कामात, बँकेत किंवा एमपीएससीच्या अभ्यासिकेत असतो. दिवसा शहरात, संध्याकाळी फोनवर गावात. मोटार जळाली, विम्याचे पैसे आले नाहीत, बहिणीला स्थळ आलंय, चुलत्याने बांध कोरला, हे सगळं तो खोलीवर बसून ऐकतो. महिन्याला घरी पैसे पाठवतो आणि कधीतरी घरूनच मागवतो.

मराठी पडद्यावर मराठवाड्याचा माणूस नवा नाही. बीडशी नाळ असलेले मकरंद अनासपुरे आणि माजलगावचे संदीप पाठक यांनी इथली बोली महाराष्ट्रभर नेली. त्याआधी लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'ने हेच काम रंगमंचावर केलं होतं. पण प्रेक्षकाला सवय अशी लागली की ही बोली कानावर पडली की हसायचं. शहरात आलेल्या पोराला हे ऑफिसात पहिल्याच आठवड्यात कळतं. तो फोनवर घरच्यांशी एका मराठीत बोलतो, मीटिंगमध्ये दुसऱ्या.

मोठा सिनेमा जगण्यात कसा शिरतो?

गेल्या काही काळात दोन सिनेमे थेट थिएटरबाहेर आले. पहिला 'छावा'. लक्ष्मण उतेकरांचा हा हिंदी सिनेमा १४ फेब्रुवारी २०२५ ला लागला. सिनेमा संपल्यावर प्रेक्षक उभे राहून घोषणा देतायत, लहान मुलं रडतायत, असे व्हिडिओ काही आठवडे फिरत होते. मार्चमध्ये मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळ, असीरगड किल्ल्याच्या परिसरात लोक रात्री बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन सोन्याची नाणी शोधायला शेतं खणू लागले. सिनेमात बुऱ्हाणपूरची लूट दाखवली होती, त्यावर अफवा पसरली आणि लोक फावडी घेऊन निघाले.

त्याच महिन्यात खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला आणि १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत 'छावा'चा उल्लेख केला, औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग सिनेमामुळे पुन्हा वर आला असं ते म्हणाले. सिनेमावर खापर फोडू नका, असं विरोधकांचं म्हणणं होतं.

दुसरा सिनेमा 'सैयारा'. जुलै २०२५ मध्ये आलेल्या या प्रेमकथेत दोन्ही मुख्य कलाकार नवे होते. पण थिएटरात हमसून रडणाऱ्या पोरापोरींच्या रील्सनी सिनेमाची जाहिरात केली. एक जण तर हाताला सलाईन लावून सिनेमा बघतानाच्या व्हिडिओमुळे व्हायरल झाला. यातले किती अश्रू खरे आणि किती कॅमेऱ्यासाठी, हा भाग वेगळा. पण जी पिढी घरी आई-बापासमोर रडत नाही, तिला अंधारात, तिकीट काढून, चारशे लोकांत रडायची परवानगी मिळाली, हेही तितकंच खरं.

'छावा'त अभिमान होता, 'सैयारा'त प्रेमभंग. दोन्ही भावना पुण्यातल्या बीडच्या पोराच्या ओळखीच्या. पण महिन्यातले उरलेले अठ्ठावीस दिवस तो ज्या गोष्टींच्या विचारात असतो, त्या या दोन्हीत नाहीत.

मग त्या गोष्टींवर सिनेमे येतच नाहीत का?

येतात, आणि चांगले येतात. तीन-चार नावं घेतली तरी पुरे.

पहिली गोष्ट लग्नाची. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, हा आज मराठवाड्यातल्या गावागावांतला विषय आहे. 'नवरदेव बीएस्सी ॲग्री' हा जानेवारी २०२४ चा सिनेमा याच पेचावर होता: शेतीची पदवी घेऊन शेतीच करायची ठरवली, तर लग्न कसं जमायचं?

त्याची दुसरी बाजू जयंत सोमलकर यांच्या 'स्थळ'ने दाखवली. विदर्भातल्या गावातली सविता शिकतेय, तिला स्पर्धा परीक्षा द्यायचीय, आणि तिला बघायला पाहुण्यांमागून पाहुणे येतायत. तेच पोहे, तेच प्रश्न, तीच उंची आणि रंगाची चर्चा. बाप कापूस पिकवणारा, भाव मिळत नाही, त्यामुळे लग्नाचा खर्च कर्जाच्या हिशोबात जातो. पडद्यावर दिसणारे बहुतेक जण गावातलेच लोक आहेत. मुलगी मिळत नाही म्हणून वैतागलेल्या पोराने हा सिनेमा बघितला, तर मुली खेड्यातलं स्थळ का नाकारतात याचं उत्तर त्याला शिव्या न घालताही सापडू शकतं.

दुसरी गोष्ट गावी परतण्याची. रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं'मध्ये मुंबईत कॉल सेंटरला काम करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी येतो. सुतकाचे नियम, नातेवाइकांची टोमणेबाजी, 'लग्न कधी करतोस' हा प्रश्न, आणि या सगळ्यात बालमित्र बाळ्याशी पुन्हा जुळत जाणारं नातं. दोन पुरुषांमधल्या प्रेमाची ही गोष्ट आहे. पण शहरात जे आयुष्य जगतो ते गावात सांगायचं कसं, ही आनंदची अडचण समलिंगी नसलेल्या हजारो पोरापोरींच्याही ओळखीची आहे. जातीबाहेर प्रेम करणारी, नोकरी गेलेली घरी न सांगणारी, परीक्षेचा नाद सोडलेली सगळीच त्यात आली. २०२५ च्या सनडान्स महोत्सवात या सिनेमाला जागतिक चित्रपट विभागात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला.

तिसरी गोष्ट शिकण्याची. १ मे २०२५ ला आलेल्या 'आता थांबायचं नाय!'मध्ये मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात. वयाच्या तिशीतही अभ्यासिकेत बसलेल्या पोराला 'अजून किती वर्षं?' हा प्रश्न रोज ऐकावा लागतो. शिक्षणाला वय नसतं असं भाषणात सगळेच म्हणतात, पण डबा, ड्युटी आणि पुस्तक यांची ओढाताण या सिनेमात दिसते.

हे सिनेमे बघितले कोणी?

इथे खरी मेख आहे. 'स्थळ' टोरंटो महोत्सवात दाखवला गेला २०२३ मध्ये. महाराष्ट्रात तो थिएटरला लागला ७ मार्च २०२५ ला, तेव्हा 'छावा' जोरात चालू होता. 'साबर बोंडं' आपल्याकडे १९ सप्टेंबरला आला, म्हणजे दसऱ्याच्या दोन आठवडे आधी. तेव्हा बीडमधल्या लोकांच्या डोक्यात पंचनामे होते.

मराठी सिनेमाला प्राइम टाइम मिळावा असा नियम राज्य सरकारने २०१५ मध्येच केला होता. वाद झाल्यावर त्यात दुपारी १२ ते रात्री ९ ही वेळ धरली गेली. म्हणजे मंगळवारी दुपारी साडेबाराचा शो लावला, तरी नियम पाळला जातो. पण त्या वेळी नोकरी करणारा माणूस थिएटरला जाऊ शकत नाही. सीट रिकाम्या दिसतात, मालक सोमवारपासून शो कमी करतो, आणि मग 'मराठी सिनेमाला प्रेक्षकच नाही' हे वाक्य तयारच असतं. थिएटरवाल्यालाही वीजबिल आणि पगार भरायचे असतात, त्यामुळे तो गर्दीच्या मागे जाणार हे उघड आहे.

याची उदाहरणं ताजी आहेत. एप्रिल २०२३ मध्ये भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'टीडीएम'ला पुरेसे शो मिळाले नाहीत. कलाकारांना प्रेक्षकांसमोर रडू कोसळलं, सिनेमा मागे घेऊन जूनमध्ये पुन्हा आणावा लागला. जुलै २०२५ मध्ये 'सैयारा'च्या लाटेत 'येरे येरे पैसा ३'चे शो काढल्याचा वाद राजकीय पक्षांपर्यंत गेला. नावाजलेल्या कलाकारांच्या सिनेमाची ही गत, तर 'स्थळ'सारख्या सिनेमाने काय करायचं?

त्यामुळे एक उलटा प्रकार होतो. ज्या पोराच्या गावावर सिनेमा आहे, त्याला तो बघायचा तर पुण्याच्या मल्टिप्लेक्समध्ये, तिकीट आणि येण्या-जाण्याचे पैसे घालून, मोजक्या शोमध्ये बघावा लागतो. गावातल्या त्याच्या आईला आणि बहिणीला तो काही महिन्यांनी मोबाईलवर सापडला तर सापडला. 'स्थळ' ज्या घरातल्या पोह्यांवर आहे, त्या घरात तो एकत्र बसून बघितला जाण्याची शक्यता सगळ्यात कमी. आणि सिनेमामुळे लोक रात्री शेतं खणू शकतात, तर एखाद्या सिनेमामुळे मुलगी बघायला गेलेला बाप दोन प्रश्न कमी विचारेल, अशी आशा ठेवायला हरकत नसावी. पण त्यासाठी आधी तो त्याच्यापर्यंत पोहोचायला हवा.

आणि जे अजून पडद्यावर फारसं आलेलंच नाही

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून लाखो ऊसतोड कामगार बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, ट्रॅक्टरमध्ये भांडी, पोरं आणि शेळी चढते, आणि पश्चिम महाराष्ट्र ते कर्नाटक असा पाच-सहा महिन्यांचा संसार उसाच्या फडात होतो. शहरातल्या अभ्यासिकेत बसलेल्या काही पोरांच्या फिया याच कोयत्यावर भरल्या जातात. दसऱ्याला गडावर आलेल्या पोराला परत जाताना आई-बापाची भेट होते ती बऱ्याचदा या तयारीच्या गडबडीत.

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्यानंतर बीडचं नाव देशभर गुन्हेगारीसाठीच घेतलं गेलं. पुण्यात खोली बघायला गेल्यावर 'बीडचे का?' असा प्रश्न आला की पोरं नुसती हसतात आणि विषय बदलतात. उद्या या जिल्ह्यावर वेबसिरीज आली, तर त्यात पिस्तूल, राख आणि वाळू असण्याची शक्यता जास्त. गडावरून उतरून स्टँडवर येणारा, एका हातात आईने दिलेली भाकरीची पिशवी आणि दुसऱ्या हातात सकाळच्या शिफ्टचा मेसेज आलेला मोबाईल धरणारा पोरगा त्यात कुठे असेल, हे लिहिणाऱ्यावर अवलंबून आहे. तो लिहिणारा बीडचाच असला, तर सोपं जाईल.