लगा तो लगा, बोलना था ना

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मधल्या सुट्टीत पाचवीतला एक मुलगा पळता पळता व्हरांड्याच्या खांबावर आपटला. कपाळावर टेंगूळ आलं. मी त्याला नळावर नेलं, थंड पाणी लावलं, "कुछ नहीं होता, शेर है तू" म्हणालो आणि वर्गात बसवलं. शाळा सुटली आणि मी ते विसरूनही गेलो.

रात्री त्याला दोन उलट्या झाल्या. आईला वाटलं, गाड्यावरचं काहीतरी खाल्लं असेल. तिने ओवा दिला आणि झोपवलं. डोक्याला लागलंय हे पोरानेही सांगितलं नव्हतं, कारण घरी ओरडा बसला असता. केसांखाली गेलेलं टेंगूळ सकाळी तिच्या हाताला लागलं, तेव्हा ती त्याला घेऊन सिव्हिलला धावली. अल्लाहचे आभार, तपासणीत काही निघालं नाही.

तिसऱ्या दिवशी ती शाळेत आली. मला वाटलं, आता भांडण होणार. ती एवढंच म्हणाली, "सर, लगा तो लगा. बच्चे हैं, गिरते. पर बोलना था ना."

बी.एड.ला आम्ही पाठ टाचण शिकलो, मूल्यमापन शिकलो, बालमानसशास्त्राची प्रश्नोत्तरं पाठ केली. मूल पडलं तर त्याच्या आईला काय आणि कसं सांगायचं, हे मात्र एकाही तासाला आलं नाही. ते त्या बाईने एका वाक्यात शिकवलं.

कोणी म्हणेल, टेंगूळ आलं म्हणून कसला लेख? पण डोक्याला मार लागल्यावर निदान पहिले 24 तास मुलावर लक्ष ठेवावं लागतं. उलटी होते का, गुंगी येते का, बोलणं-चालणं अडखळतं का. या 24 तासांतले फार तर दोन-चार तास मूल आमच्यासमोर असतं, बाकीचे घरी. म्हणजे लक्ष ठेवायचं ते आईने, आणि तिलाच माहीत नाही! शाळेच्या फाटकाशी कुत्र्याने नखाने ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर गाठून लसीचं विचारायचं असतं. "जरा खरचटलंय" एवढंच ऐकलेली आई त्यावर हळद लावून मोकळी होते. इजा किरकोळ आहे की नाही हे पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच कळतं. म्हणून ती पहिल्याच दिवशी सांगायची.

मग आम्ही का सांगत नाही? पहिलं कारण भीती. एका वर्गात पन्नास-साठ मुलं, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. त्यात एका पालकाला कळवलं की तो चार माणसं घेऊन येतो, कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करतो आणि संध्याकाळपर्यंत शिक्षक मोहल्लाभर बदनाम होतो. ही भीती खोटी नाही, मी ती अनुभवली आहे. पण लपवलेली गोष्ट दुसऱ्या तोंडून घरी पोचते तेव्हा आलेला राग मूळ जखमेपेक्षा मोठा असतो, हेही मी अनुभवलं आहे.

दुसरं कारण जास्त बोचणारं आहे. आमच्या सोलापुरात कित्येक मुलांचे बाप यंत्रमागावर असतात. त्या खडखडाटात खिशातला फोन ऐकू येत नाही. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. तिची मजुरी हजारावर मोजली जाते, मध्येच उठली की दिवसाचा हिशेब मोडतो. आम्ही मनात म्हणतो, कशाला उगाच त्रास द्यायचा? ऐकायला ही काळजी वाटते. पण त्याच वर्गात एखाद्या नोकरदाराचं किंवा पुढाऱ्याचं मूल पडलं तर फोन पाच मिनिटांत जातो. म्हणजे जो जाब विचारू शकतो त्याला सांगायचं, ज्याची उमेद नाही त्याला सांगायचं नाही. ही काळजी नव्हे, हा भेदभाव आहे.

यात पालकांचाही वाटा आहे. आपल्याकडे पोराला शाळेत घालताना मोठी माणसं अजूनही म्हणतात, "हड्डी हमारी, चमड़ी आपकी." म्हणणाऱ्याची श्रद्धा मी समजतो. पण शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे, त्याच्या कलम 17 ने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला बंदी घातली आहे. चमडी कोणाच्या स्वाधीन करायचा प्रश्नच उरलेला नाही. आणि ज्या आईने चमडी देऊन टाकली, तिने ओरखड्याबद्दल विचारायचं तरी कोणत्या तोंडाने?

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. तो गुन्हा वेगळ्याच जातीचा, त्याची टेंगळाशी तुलना नाही. पण वेळेवर न कळवल्याचा ठपका तिथे शाळेवरही आला. त्यानंतर शासनाने निर्णय काढला, त्यात अनुचित घटना 24 तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायला सांगितलं. ते योग्यच आहे. पण गुडघा फुटणं काही त्या अर्थाने अनुचित घटना नव्हे. ते आईला कळवायचं की नाही, हे शेवटी शिक्षकाच्या मनावरच राहतं. इंग्लंडमध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी नियमच आहे: मुलाला कोणतीही इजा झाली आणि काय प्रथमोपचार केले, हे पालकांना शक्यतो त्याच दिवशी सांगायचं आणि लिहूनही ठेवायचं. याला पैसा लागत नाही, एक वही लागते.

नोंदीचं महत्त्व आपल्याकडेही आहे. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघातामुळे शस्त्रक्रिया करावी लागली तर 1 लाख रुपयांपर्यंत खर्च मिळू शकतो. पण घटना कधी, कुठे, कशी घडली हे शाळेने कुठे लिहिलंच नसेल, तर गरीब बापाने दाखवायचं काय?

आम्ही मुसलमान अमानत हा शब्द रोज वापरतो. शेजाऱ्याने ठेवायला दिलेल्या भांड्याला पोचा पडला तर परत करताना आपण स्वतःहून सांगतो. कुरआनने अमानत ज्याची त्याला परत करायची ताकीद दिली आहे. मूल तर सगळ्यांत मोठी अमानत. ते सकाळी जसं आलं तसं संध्याकाळी परत गेलं नसेल, तर काय झालं ते सांगणं हा त्या परत करण्याचाच भाग आहे.

आता मी काय करतो ते सांगतो. शाळा सुटण्याआधी आईच्या नंबरवर व्हॉइस मेसेज पाठवतो. वाचता येत नसलं तरी ऐकता येतं, आणि लूम बंद झाल्यावर बापालाही ऐकता येतो. दखनीतच बोलतो. काय झालं, कुठे लागलं, आम्ही काय केलं, घरी कशावर लक्ष ठेवायचं. डोक्याला लागलं असेल तर मेसेजवर थांबत नाही, फोन लागेपर्यंत करतो, नाहीतर शेजारच्या मुलाबरोबर निरोप धाडतो. वर्गाच्या ग्रुपवर कधी टाकत नाही. दुसऱ्याच्या धक्क्याने पडला असेल तर तेही सांगतो, पण त्या मुलाचं नाव घेत नाही. चूक माझी असेल तर माझी म्हणतो. मग वहीत दोन ओळी.

पालकांना एकच विनंती. शिक्षकाने स्वतःहून सांगितलं तर आधी त्याचं ऐकून घ्या. जो सांगतो त्याच्यावरच तुटून पडलात, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

उद्याही मधल्या सुट्टीत कोणीतरी पडणारच आहे. संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी कळलेलं असावं, एवढंच.