सवय लागते म्हणे

'सारखं उचलू नकोस, हाताची सवय लागेल.' नाशिकच्या पंचवटीतला वाडा असो की इंदिरानगरचा फ्लॅट, बाळंतिणीला आजीकडून हे ऐकावंच लागतं. मोबाइलवरचा सल्ला नेमका उलटा: प्रत्येक रडणं ओळखा, तत्काळ उचला. पुरावा दोघांनाही सापडतो. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल यांनी १९७२ मध्ये बाल्टिमोरच्या २६ बाळांवरून मांडलं, की ज्यांना लगेच घेतलं जायचं ती वर्षाच्या शेवटी कमी रडू लागली. १९९१ च्या डच अभ्यासात तसं दिसलं नाही. आजी अगदीच चुकली म्हणता येत नाही, आणि मोबाइलही जिंकत नाही. मुळात भांडणच भलत्या जागी चाललंय. आईला बाळ कळलं नाही की काहीतरी बिघडलं, हे दोघांनी धरून चाललेलं गृहीतकच पोकळ आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई-बाळाचे चेहरे चित्रफितीवर क्षणाक्षणाला तपासले, तेव्हा धडधाकट जोड्यांचाही सूर जेमतेम ३० टक्के वेळ जुळलेला निघाला. बाकी वेळ चुकामूक आणि सावरासावर. खुळखुळा वाजतोय, बाळ मान फिरवतं, मूठ तोंडात घालतं. आईला वाटतं रुसलं, म्हणून ती आणखी जोरात वाजवते. त्याला फक्त दम घ्यायचा असतो. ती थांबली की मान आपसूक वळते. आपण काही केलं तर बिनसलेलं जुळतं, हे बाळ इथेच शिकतं.

यावर कुणी म्हणेल, ही तर हयगयीला मोकळीक झाली. नाही. ट्रॉनिक यांच्याच प्रयोगात आईनं चेहरा दोन-तीन मिनिटं निर्विकार ठेवला, तर बाळ हसून, हात पुढे करून तिला बोलावतं, मग हिरमुसून तोंड फिरवतं. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात चेहरा आठवडेच्या आठवडे तसाच राहू शकतो. तिथे सल्ला नको, उपचार हवेत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पेठ-सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत आलेल्या मजूरणीला हे चोचले कसे परवडावेत? उलट, अखंड जवळ राहण्याची अट तिलाच सगळ्यात जाचक, आणि तीच इथे गळून पडते. सावरायला मात्र परत यावं लागतं. कायद्यात मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजायची सुट्टी आहे. मुकादमाच्या टोळीत ती कोण देतो? झाडाखाली झोळी हलतेय, तिचे हात घड बुडवून जीए या संजीवकाच्या पाण्यानं ओले. तिला लागतं ते हात धुवायला स्वच्छ पाणी, आणि मजुरी न कापता मिळालेली दहा मिनिटं.