भाकिताची घाई

अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलचे चाहते तरुण खेळाडूंच्या भवितव्यावर हिरिरीने वाद घालतात. उंची, वजन, वेग यांची मापे पुढे केली जातात; परंतु जिद्द आणि सराव कशाने मोजणार? डेव्हिडसन या लहानशा महाविद्यालयाचा स्टीफन करी अनेकांना किरकोळ अंगाचा वाटे. २००९ साली एन.बी.ए. या व्यावसायिक स्पर्धेतील संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा त्याच्याआधी सहा जणांची निवड झाली. पुढे २०२१ मध्ये त्याच स्पर्धेतील तीन गुणांच्या सर्वाधिक फेकींचा विक्रम करीने आपल्या नावावर केला. चर्चा अवश्य करावी. तिच्यात खेळाची गोडी आहे. मात्र विशीतल्या मुलाविषयीचे आपले मत हा केवळ अंदाज असतो, याचे भान ठेवावे. घाईने मारलेला शिक्का एखाद्याची संधीच हिरावून घेऊ शकतो.