पायली गेली, इंच मात्र राहिला

टीव्हीच्या खोक्यावर ८० सेंटीमीटर छापलेले असते, पण विकणारा आणि घेणारा दोघेही 'बत्तीस इंची'च म्हणतात. आता यात काय मोठेसे, असे तुम्ही विचाराल. मला ते मोठे वाटते.

युरोपात यावरून चांगलाच वाद झाला होता. वेष्टनावर ग्रॅम-लीटरच्या जोडीला पौंड-औंस छापण्याची सवलत २००९ च्या अखेरीस बंद व्हायची होती. पण अमेरिकेत बहुतेक वेष्टनांवर दोन्ही मापे लागतात. एकाच मालाला दोन वेष्टने कोण करणार? व्यापार्‍यांची ओरड झाली आणि त्याच वर्षी सवलत कायमची झाली. जे त्याला विरोध करत होते त्यांचे मला पटते. ब्रिटनने २०२२ मध्ये लोकांना मत विचारले, तर उत्तर देणार्‍यांपैकी ९८.७ टक्क्यांनी मेट्रिकलाच कौल दिला!

आम्ही पेडणे-डिचोलीची माणसे वीस कुडवांची खंडी मोजत वाढलेल्यांची नातवंडे. शेत केवढे, तर अमुक कुडव बियाण्याचे. पोर्तुगालने एकोणिसाव्या शतकातच मीटर स्वीकारला, १९६१ नंतर भारताचाही कायदा तोच आला. आमची पायली, आमचा कुडव निमूट माळ्यावर गेले. कोणी मोर्चा काढला नाही. आणि साहेबाचा इंच-फूट मात्र, जो गोव्यात राज्यकर्त्याचाही नव्हता, तो आता मागल्या दाराने येतो आहे.

गोव्यात जमीन चौरस मीटरने मोजतात. एक-चौदाच्या उतार्‍यावर तेच. तेरेखोल ओलांडून सावंतवाडीकडे गेलात की गुंठा. मोपाचा विमानतळ आला तसे पेडण्यात बाहेरचे गिर्‍हाईक वाढले आणि ते बोलते चौरस फुटात. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. 'हजार रुपयांचा भाव' फुटाचा की मीटरचा, यात दहापट फरक पडतो. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. तो सरळ शंभराचा धरून दहा गुंठे विकले, तर जवळपास पावणेबारा चौरस मीटर फुकट गेले. एका खोलीची जागा ती! आणि हा हिशेब चुकतो तो नेहमी विकणार्‍या म्हातार्‍याचाच, घेणार्‍याचा कधी चुकल्याचे मी ऐकले नाही.

वैधमापन कायदा २००९ चा आहे. मालाचा भाव ठरलेल्या एककाखेरीज दुसर्‍यात सांगूही नये, असे तो म्हणतो. अंमलबजावणीचे बोलायला नको, मी स्वतः सरकारी कारकून आहे.

जुनी मापे बोलण्यात राहोत, म्हणींत, ओव्यांत राहोत. बाजारात मासळीचा वाटा आणि नारळांचा शेकडा राहील, तेही चालेल, कारण तिथे माल डोळ्यांसमोर असतो. पण बंद पाकिटावर आणि जमिनीच्या कागदावर एकच माप हवे. निदान जमिनीच्या जाहिरातीत तरी चौरस मीटरचा भाव मोठ्या अक्षरात लिहायला लावा. फूट हवेत त्याने खिशातला मोबाईल काढून करावा गुणाकार.